छातीच्या स्कॅनमधली गाठ

* ‘फुप्फुसात गाठ’: अहवालातले हे शब्द वाचून लेखिकेच्या घरच्यांनी कर्करोगच गृहीत धरला. वाचकाने तसे धरू नये, म्हणून ही टीप. फुप्फुसातल्या ३० मिलिमीटरपर्यंतच्या गोलसर ठिपक्याला डॉक्टर नोड्यूल म्हणतात. त्याहून मोठ्या गाठीकडे पहिल्यापासून अधिक संशयाने पाहिले जाते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये असे ठिपके वारंवार सापडतात आणि त्यांतले बहुसंख्य निरुपद्रवी असतात. आपल्याकडे आधी क्षयाचा विचार करावा लागतो. कधीकाळी होऊन गेलेल्या, रुग्णाला अनेकदा कळलेल्याही नसलेल्या संसर्गाचा व्रण असा ठिपका बनून राहतो. त्यात कॅल्शियम साठते आणि तो स्कॅनमध्ये पांढराशुभ्र दिसतो. गाठभर असा पांढरेपणा दिसला तर तो मोठा दिलासा. अमेरिकेत ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत असेच व्रण हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी मागे ठेवते. मात्र सक्रिय क्षयाची गाठ पेट स्कॅनमध्ये कर्करोगासारखीच उजळू शकते, म्हणून केवळ त्या चित्रावर निदान ठरवणे धोक्याचे. शंका उरली तर तुकडा काढून तपासावा लागतो. धूम्रपान, वाढते वय, काटेरी कडा यांनी संशय बळावतो. जुने स्कॅन कृपया फेकू नयेत: दोन वर्षे जशीच्या तशी राहिलेली भरीव गाठ सहसा निरुपद्रवी ठरते. छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या फ्लायश्नर सोसायटीच्या २०१७ च्या शिफारशींनुसार, धोका कमी असलेल्या प्रौढात ६ मिलिमीटरहून लहान भरीव गाठीसाठी नियमित फेरतपासणी लागत नाही. आधी कर्करोग झालेल्यांना त्या शिफारशी लागू नाहीत. (संपादक)