कर्जत लोकलमधली न दिसणारी सीमा

मुंबईहून कर्जतला जाणारी लोकल सुमारे शंभर किलोमीटर धावते. रूळ एकच, डबा एकच, तिकीटही एकच. परंतु मोबाइलच्या सुरुवातीच्या काळात या प्रवासात एक सीमा ओलांडावी लागे. कल्याणचा परिसर मागे पडला की खिशातला मुंबईचा फोन ‘परक्या मुलखात’ जाई आणि बोलण्याचे दर बदलत. ही सीमा नदीने आखलेली नव्हती, डोंगरानेही नाही. मग ती आखली कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर तारायंत्राच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली 1850 च्या दशकात हिंदुस्थानात तारांचे जाळे उभे राहिले. मुंबईहून पुण्यावरून मद्रासकडे जाणाऱ्या तारेला सह्याद्री चढावा लागला. 1855 साली तारसेवा सर्वसामान्यांना खुली झाली. त्याआधीच, 1854 मध्ये, सरकारने कायदा करून तारायंत्र उभारण्याचा हक्क स्वतःकडे घेतला होता. 1857 च्या उठावात तारेचे लष्करी महत्त्व सरकारला पुरते कळले. पुढे 1885 चा भारतीय तार अधिनियम आला. त्याच्या चौथ्या कलमाचा अर्थ साधा होता: तारायंत्र चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारचा, इतर कोणाला ते चालवायचे असेल तर सरकारकडून परवाना घ्यावा. दहाव्या कलमाने खाजगी जमिनीवरही खांब रोवण्याची मुभा दिली; मात्र नुकसान झाल्यास भरपाई द्यायची आणि जमिनीवर मालकी सांगायची नाही.

तारेनंतर टेलिफोन आला, बिनतारी संदेश आला. त्यांना ‘तारायंत्रा’च्या व्याख्येतच बसवण्यात आले. म्हणूनच ज्याला तार मुळी नाहीच, त्या मोबाइलचा परवानाही 1885 च्या कायद्याखाली दिला गेला.

1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडले. 31 जुलै 1995 रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल कोलकात्याहून दिल्लीला झाला. परवाने देण्यासाठी देशाचे तुकडे पाडण्यात आले. त्यांना ‘सर्कल’ म्हणतात. मुंबई, नवी मुंबई व कल्याण टेलिफोन्सच्या स्थानिक सेवेखालचा प्रदेश म्हणजे मुंबई सर्कल. राज्याचा उरलेला भाग आणि गोवा मिळून महाराष्ट्र सर्कल. टेलिफोन केंद्राच्या तारा जिथवर पोचत, तीच रेषा लहरींनाही लागू झाली. कर्जत आणि खालापूर तालुके रेषेच्या पलीकडे राहिले.

या रेषेचा परिणाम केवळ दरांपुरता नव्हता. परवान्यात ‘इतका प्रदेश इतक्या वर्षांत व्यापा’ अशी अट असते. 2010 च्या थ्रीजी लिलावातली अट पाहा. महानगरांच्या सर्कलमध्ये पाच वर्षांत 90 टक्के क्षेत्र व्यापायचे होते. महाराष्ट्रासारख्या सर्कलमध्ये मात्र किमान निम्मी जिल्हा मुख्यालये व्यापायची होती. रायगडचे मुख्यालय अलिबाग. तिथे मनोरा उभा राहिला की हिशेबात जिल्हा आला. कर्जतच्या डोंगरातली ठाकरवाडी त्या हिशेबात कोठेच नव्हती.

आता निसर्गाची बाजू पाहू. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. टूजीसाठी वापरलेल्या 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर येते. फाइव्ह-जीच्या 3300 मेगाहर्ट्झच्या लहरीची अवघी 9 सेंटिमीटर. लांब लहर अडथळ्याच्या कडेवरून थोडी अधिक वळते, भिंतीतून आणि झाडीतून अधिक पार होते. आखूड लहर लवकर क्षीण होते. पण त्या पट्ट्यात मोकळी जागा जास्त असल्याने माहिती अधिक वाहून नेता येते. माथेरान, इर्शाळगड, राजमाची यांसारख्या डोंगरांच्या आड लहरींची सावली पडते. सावली भरून काढायची तर मनोरे वाढवावे लागतात आणि वाडीत गिऱ्हाईक मोजकेच असते. जिथे निसर्ग आणि नफा दोघेही पाठ फिरवतात, तिथे नियमांची खरी गरज असते.

ही गरज ओळखली गेली नाही असे नाही. 1997 मध्ये ‘ट्राय’ हे नियामक प्राधिकरण स्थापन झाले. 2003 साली तार कायद्यात दुरुस्ती करून सार्वत्रिक सेवा निधीला कायद्याचा आधार मिळाला. कंपन्यांच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा त्यात जमा होतो आणि तो दुर्गम भागातल्या सेवेसाठी वापरायचा असतो. 2005 पासून मुंबई व महाराष्ट्र यांमधले कॉल दरापुरते एकाच सर्कलमधले मानले जाऊ लागले. कर्जतच्या प्रवाशाच्या खिशाला रेषा जाणवेनाशी झाली. पण परवान्यांच्या नकाशावर ती तशीच राहिली. ऑक्टोबर 2022 मध्ये फाइव्ह-जी सुरू झाले, त्याआधीच्या लिलावातही मुंबई आणि महाराष्ट्र वेगळेच होते.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे बेपत्ता राहिली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने मदतपथके चालत वर गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. म्हणजे नुसत्या मनोऱ्याने संकट टळले असते असे म्हणता येणार नाही. आधी धोका कळायला हवा. पण कळलेला धोका माणसापर्यंत पोचवायलाही वाट लागते. ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धतीत मनोरा आपल्या टापूतल्या सर्व फोनना एकाच वेळी इशारा देतो, नंबर माहीत असण्याची गरज नसते. मात्र जिथे लहर नाही, तिथे इशाराही नाही.

2023 च्या दूरसंचार अधिनियमाने अखेर 1885 च्या कायद्याची जागा घेतली. त्याची काही कलमे जून 2024 मध्ये अमलात आली. सार्वत्रिक सेवा निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. तारसेवा तर 2013 च्या जुलैतच बंद झाली होती. मात्र परवाना सरकारने द्यायचा, हे जुने तत्त्व नव्या कायद्यातही नव्या शब्दांत आहे. म्हणून परवान्यात अटी कोणत्या, हा प्रश्नही कायम आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मुलांना गावाचा नकाशा द्यावा आणि घर, शाळा, विहीर, पाणंद अशा ठिकाणी फोनला किती रेघा दिसतात ते भरायला सांगावे. मग त्यावर डोंगर आणि मनोरा काढावा. कोरी राहिलेली जागा कशामुळे कोरी आहे, डोंगरामुळे की अटींमुळे, यावर मुलांना बोलू द्यावे. विज्ञान आणि नागरिकशास्त्र हे दोन तास त्या दिवशी एकत्र घेतले तरी चालतील.