राजाचा उजवा हातमोजा

१९ सप्टेंबर १३५६. प्वातिएची लढाई फ्रेंच हरले होते आणि त्यांचा राजा दुसरा जाँ शत्रूच्या गराड्यात सापडला होता. सोबत चौदा वर्षांचा धाकटा मुलगा फिलीप. 'हा माझा कैदी' म्हणत इंग्रजांच्या बाजूचे योद्धे एकमेकांना ढकलत होते, कारण राजा ज्याच्या हाती लागेल त्याच्या पिढ्या खंडणीवर बसून खाणार. फ्रुआसार हा बखरकार सांगतो की, तेवढ्या धक्काबुक्कीतही राजाने समोरचा माणूस नाईट आहे ना, याची खात्री करून घेतली. मग उजव्या हातातला मोजा काढून दनी द मोर्बेककडे दिला. जीव गळ्याशी आलेला आणि चौकशी कुळशीलाची! पण शरण जायचं ते बरोबरीच्यालाच, हा रिवाज.

त्याच दिवशी राजध्वज हातात धरून जॉफ्रुआ द शार्नी पडला. नाईटने कसं वागावं यावर याने ग्रंथ लिहिला होता. हाच गृहस्थ काही वर्षांपूर्वी, युद्धबंदी चालू असताना, कॅलेचा किल्ला लाच चारून घ्यायला निघाला आणि पकडला गेला! मला तरीही तो आवडतो. मरताना तरी ग्रंथाला जागला.

रात्री विजयी इंग्रज राजपुत्र एडवर्डने बंदी राजाला स्वतः वाढलं. वर्गात हे सांगितलं की मुलं खूश होतात. मग मी आदल्या वर्षीचं सांगतो: याच राजपुत्राने बोर्दोहून नार्बोनपर्यंत गावं जाळत मजल मारली, कार्कासोनची खालची वस्ती राख केली. तिथल्या विणकराला, कुणब्याला कोण हातमोजा मागणार? त्यांची खंडणी येत नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी रिवाजही नव्हता.

राजाची खंडणी ठरली तीस लाख सोन्याचे एक्यू. १३६० मध्ये त्यासाठी मालाच्या विक्रीवर, दारूवर, मिठावर कर बसले आणि 'फ्रँक' नावाचं नवं नाणं निघालं. त्यावर घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला राजा जाँ. राजा सुटला तेव्हा हमी म्हणून ओलीस ठेवलेला त्याचा दुसरा मुलगा लुई १३६३ मध्ये सटकला आणि परत जाईना. बापाला ते लागलं. १३६४ च्या जानेवारीत जाँ आपणहून लंडनला गेला आणि एप्रिलमध्ये तिथेच वारला. दिल्या शब्दाचा इतका पक्का राजा विरळाच. खंडणी पुरती कधीच फिटली नाही. मिठावरचा कर मात्र फ्रेंच रयत १७९० पर्यंत भरत राहिली.