स्टोक्सचा विरोधाभास: तारेपासून दूर प्रवाहाचे काय होते?

चिकट द्रवातून लांब, गोल तार संथ आणि एकसारख्या वेगाने आडवी ओढली, तर तिच्यापासून दूर द्रवाची हालचाल किती उरते? तारेच्या लांबीच्या दिशेने काही बदलत नसल्याने हा प्रवाह दोनच मितींत मांडता येतो. प्रश्न त्यामुळे सोपा न होता अवघड होतो.

अकोला-अमरावतीच्या कापूसपट्ट्यातले सरकीचे तेल घ्या. त्यात १ मिमी जाडीची तार सेकंदाला १ सेंमी वेगाने ओढली, तर रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर) ०.२ च्या आसपास येतो. पूर्णेवरच्या पुलाचा खांब इथे दाखला म्हणून चालत नाही. २ मीटर जाडीचा गोल खांब आणि सेकंदाला अर्धा मीटर वेगाचे पाणी धरले, तर हा अंक १० लाखांवर जातो. साधारण ४७ च्या पुढेच प्रवाह स्थिर राहत नाही, मागे भोवरे सुटू लागतात.

जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये जडत्व वगळून गणित केले. गोळीसाठी उत्तर मिळाले: तिने केलेली ढवळाढवळ अंतराच्या व्यस्त प्रमाणात विरते. तारेसाठी मात्र उत्तरच निघेना, कारण वेग अंतराच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतच जातो. हाच स्टोक्सचा विरोधाभास. याची किंमत संगणकावर मोजावी लागते. तारेभोवतीची गोल भिंत त्रिज्येच्या १०० पटींवरून १००० पटींवर नेली, तर या समीकरणानुसार रोध सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. गोळीच्या बाबतीत १०० पटींवरच भिंतीचा परिणाम दोन-अडीच टक्के उरतो.

ओसीन यांनी १९१० मध्ये दाखवले की वगळलेले जडत्व दूरवर पुन्हा डोके वर काढते. आपल्या तेलात ते अंतर जेमतेम ६ मिमी. त्यापलीकडे तारेमागे एक पट्टा तयार होतो. त्याची रुंदी अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते आणि त्यातली वेगातली तूट त्याच प्रमाणात घटते.

पूर्ण समीकरणांचा प्रश्न झाँ लरे यांनी १९३३ मध्ये हाताळला. वाढत्या वर्तुळांत उत्तरे काढून त्यांनी सीमा घेतली, पण दूरवर ठरवून दिलेला वेग तिच्यात टिकतो का, हे सिद्ध होईना. फिन आणि स्मिथ यांनी १९६७ मध्ये लहान रेनॉल्ड्स अंकांसाठी वेगळ्या वाटेने उत्तर मिळवले. पुढे गिलबार्ग-वाइनबर्गर, ॲमिक आणि अलीकडे कोरोब्कोव्ह, पिलेत्स्कास व रूसो यांच्या कामातून दूरवर वेग एका ठराविक मूल्याकडे जातो, इतके पक्के झाले. ते मूल्य दिलेलेच असते का? मोठ्या रेनॉल्ड्स अंकांसाठी हे अजून खुलेच आहे.