हात-बाहूंचा सघन उपचार
सेरेब्रल पाल्सीमुळे शरीराची एक बाजू दुबळी झालेल्या मुलांसाठीची सरावपद्धती. एका प्रकारात चांगला हात अडकवून ठेवून दुबळ्याला कामाला लावतात; त्याचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी घातला. कोलंबिया विद्यापीठात विकसित झालेल्या दुसऱ्या प्रकारात दोन्ही हात लागतात: एकाने डबा धरायचा, दुसऱ्याने झाकण फिरवायचे. रोज सुमारे ६ तास, दोन-तीन आठवडे. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड-एटापल्लीकडच्या मजूर आईबापांना मजुरी बुडवून शहरात एवढे दिवस राहणे जडच. त्यापेक्षा आईला शिकवून घरीच शेंगा सोलायला, मोहफुले टोपलीत भरायला लावणे व्यवहार्य. मुळात जन्मताना गुदमरणे हे सेरेब्रल पाल्सीचे एक कारण. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात-सेवेत त्यावरही उपचार केले. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.