हुलाहूपचं भावंड

1958 साली अमेरिकेत कमरेभोवती गरगर फिरवायच्या हुलाहूपनं धुमाकूळ घातला. पहिल्या चार महिन्यांत अडीच कोटी खपल्या, असं सांगतात. त्याच वर्षी टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर या सर्जननं हर्नियासाठी प्लास्टिकची विणलेली जाळी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. दोन्हींचं प्लास्टिक एकच, फिलिप्स पेट्रोलियमचं ‘मार्लेक्स’. जांघेतल्या हर्नियावर, म्हणजे अंतर्गळावर, आज दुर्बिणीतून जी जाळी बसवतात तिची ही भावकी कळल्यापासून मला दुसरं काही सुचेना.

बाकीचा इतिहास थोडक्यात असा. इटलीतल्या पादुआच्या बास्सिनीनं 1880च्या दशकात स्नायू ओढून शिवायची पद्धत बसवली. शंभर वर्षांनी लॉस एंजेलिसच्या लिख्टेनस्टाइननं ओढाताण थांबवून जाळी लावली, आणि 1990च्या सुमारास दुर्बीण आली.

मला रस आहे तो ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिल गावात. 1951 साली तिथे पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स हे फिलिप्सचे दोन रसायनतज्ज्ञ रिफायनरीतल्या वायूंपासून पेट्रोलला उपयोगी काही मिळतं का, हे पाहत होते. हाती आला पांढरा घट्ट पदार्थ, पॉलिप्रॉपिलीन. मग त्याच धर्तीच्या क्रोमियमच्या उत्प्रेरकानं टणक पॉलिएथिलीनही दिलं आणि त्याचं ‘मार्लेक्स’ झालं. सुरुवातीचा माल एकसारखा निघेना, गिऱ्हाइकं फिरकेनात, गोदामं भरली. तो माल उचलला हुलाहूपनं. माझा तर्क असा, की हे खेळणं नसतं तर कंपनीचा धीर सुटला असता आणि अशरला धागा मिळाला नसता.

त्याआधी चांदीच्या, टँटलमच्या जाळ्या वापरून झाल्या होत्या. धातू पोटात वाकून वाकून तुटे. मार्लेक्स लवचीक होतं आणि उष्णतेनं निर्जंतुक करता येत होतं. अशरनं सुरुवात पॉलिएथिलीननं केली आणि काही वर्षांत तो पॉलिप्रॉपिलीनवर आला.

इथे इटालियन हरकत घेतील. पॉलिप्रॉपिलीन म्हटलं की नाव येतं मिलानच्या ज्युलिओ नात्ताचं. त्यानं ते 1954 साली बनवलं आणि 1963 चं नोबेल त्सिग्लरबरोबर वाटून घेतलं. पण अमेरिकेतला पेटंटचा तंटा दशकानुदशकं चालून 1983 साली पेटंट मिळालं ते होगन-बँक्सना. मी त्यांच्याच बाजूचा.

दुसरी हरकत फ्रेंचांची, आणि ती वजनदार आहे. स्नायूंच्या मागे, पोटाच्या आतल्या पडद्याच्या पुढे मोठी जाळी पसरायची, म्हणजे पोटातला दाबच तिला जागेवर धरतो, ही युक्ती आमियाँच्या रने स्तोप्पाची. तो मोठा छेद घेई आणि जाळी वापरी पॉलिएस्टरची. दुर्बिणीच्या ऑपरेशननं त्याची जागा जशीच्या तशी उचलली, हे मान्य. पण कापड बहुतेकांनी अशरच्या घराण्यातलं घेतलं.

आणि जाळीविना दुर्बीण फार पुढे गेली नसती. राल्फ गरनं 1982 साली दुर्बिणीतून हर्नियाचं तोंड धातूच्या क्लिपांनी बंद केल्याचं लिहिलं होतं, तरी पद्धत रुळली ती जाळी आल्यावरच. साधारण 10 बाय 15 सेंटिमीटरचा तुकडा सुरळी करून बोटाएवढ्या नळीतून आत सरकतो आणि आत उलगडतो. बास्सिनीसारखं स्नायू ओढून शिवणं त्या भोकांतून जिकिरीचं.

या घराण्याची एक शाखा आपल्याकडेही आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं आणि 2003 साली अनेक केंद्रांतले अनुभव छापले. तेही याच दोन प्लास्टिकांच्या कुळातलं. पुढे युगांडात 302 पुरुषांवर, उघड्या ऑपरेशनात, अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. 2016 साली छापलेला निष्कर्ष असा, की वर्षभरानंतर दोन्हींत लक्षणीय फरक नाही.

म्हणून घरची मच्छरदाणी घेऊन दवाखान्यात जाऊ नका. पण दुर्बिणीच्या ऑपरेशनचं पॅकेज सांगितलं गेलं, की जाळी कोणती आणि तिचे किती पैसे लावलेत, एवढं जरूर विचारा.