बाहत्तर सालचं पहिलं गाणं

आमच्या घरातली वडीलधारी माणसं एकत्र बसली की बोलणं फिरत फिरत बिनाका गीतमाला या रेडिओवरच्या गाण्यांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमावर येतं आणि १९७० ते १९७५ या सहा वर्षांतली पहिल्या नंबराची गाणी पुन्हा एकदा तपासली जातात. सत्तरला ‘दो रास्ते’मधलं लताबाईंचं. एकाहत्तरला ‘अंदाज’मधलं किशोरकुमारचं. बाहत्तरला ‘दम मारो दम’. त्र्याहत्तरला ‘जंजीर’मधलं मन्ना डे यांचं. चौऱ्याहत्तरला पुन्हा किशोर, ‘कोरा कागज’मधला. पंचाहत्तरला ‘रोटी कपडा और मकान’मधलं महागाईचं गाणं. यादी सगळ्यांना पाठ आहे. भांडण असतं ते यादी न्यायाची होती का, यावर. आत्या आजही ठामपणे म्हणते, “बाहत्तर साल ‘अमर प्रेम’चं होतं.” त्यावर धाकट्या काकांचं ठरलेलं उत्तर, “ते तुझं. लोकांचं नव्हतं.”

लहानपणी मला हा वाद गाण्यांचा वाटायचा. हळूहळू लक्षात आलं, की ही माणसं गाण्यांच्या निमित्तानं आपली वर्षं मोजत असतात, आणि त्या वर्षांबद्दल त्यांना कुणी काही विचारलं असेल, तर ते फक्त या एका कार्यक्रमानं.

गोष्ट सुरू होते आजोबांपासून. बार्शीला आमच्याकडे व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ होता. माळवदावर तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली असे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याचे पैसे भरावे लागत. आजोबा शाळामास्तर. नाट्यसंगीताचे वेडे, स्वतः पेटी वाजवणारे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, स्वतः गाणं शिकलेला. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत रुजावं ही त्यांची तळमळ खरी होती. पण त्यासाठी त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना कात्री लावली. गाण्यासोबत चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद झालं. निर्मात्यांनी चिडून गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. आजोबांना ते सगळं पटलं होतं. त्यांच्या मुलांना पटलं नव्हतं, आणि मुलांनी सुई शॉर्ट वेव्हवर नेऊन रेडिओ सिलोन शोधलं.

सिलोनकडे ताकदीचं यंत्र होतं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांसाठी कोलंबोत उभारलेलं प्रक्षेपण केंद्र युद्ध संपल्यावर त्या बेटाच्या नभोवाणीला मिळालं होतं. शॉर्ट वेव्हच्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आपटून परत जमिनीवर येतात, म्हणून कोलंबोचा आवाज थेट बार्शीत पोचायचा. कधी लाटेसारखा वर यायचा, कधी ऐन अंतऱ्यात बुडायचा. ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारी, तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवार रात्री आठ ही वेळ पुढे कितीतरी घरांत जेवणाची वेळ ठरवू लागली. १९५७ मध्ये विविध भारती आली, १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिरातीही सुरू झाल्या, गाणी भारतातच ऐकायला मिळू लागली. तरी बुधवार सिलोनचाच राहिला. १९७२ च्या मे महिन्यात त्या देशाचं नाव श्रीलंका झालं; आमच्याकडे मात्र शेवटपर्यंत सिलोनच लागत राहिलं.

थोरले काका तेव्हा मुंबईत नोकरीला, गिरगावात तिघांत एक खोली घेऊन राहायचे. ते सांगतात, “निवेदक अमीन सयानी मुंबईतच राहायचे, कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायचा. टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून आवाज आमच्या खोलीत परत यायचा.” १९७१ च्या डिसेंबरात युद्ध पेटलं. मुंबईत काळोख पाळायचा हुकूम. खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवलेले, दिव्यांवर आवरणं. रेडिओच्या पट्टीचा उजेडही बाहेर दिसायला नको म्हणून त्यावर पंचा टाकलेला. बातम्या आकाशवाणीच्या ऐकायच्या, आणि बुधवारी पंच्याखाली हात घालून सुई सिलोनवर न्यायची. सोळा तारखेला ढाक्याची शरणागती झाली. वर्ष संपताना किशोरकुमारचं ते योडलिंगचं, आयुष्याला प्रवास म्हणणारं गाणं वर्षभरात पहिलं आलं. काकांच्या लेखी एकाहत्तरचा विजय आणि ते गाणं वेगळं काढता येत नाही. “इतकं हलकं पुन्हा कधी वाटलं नाही,” असं ते म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी अशी वाक्यं फार नसतात.

आत्याचा भाग निराळा. ती तेव्हा मॅट्रिकला होती. गाण्यांचा क्रम सुरुवातीला रेकॉर्डच्या खपावर ठरे. पण लोकप्रिय गाण्याची रेकॉर्ड दुकानात संपली की खपाचा आकडाच थांबायचा आणि गाणं खाली घसरायचं. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतं घेतली जाऊ लागली. तेव्हाच्या बिहारमधलं झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर माहीत झालं, ते याच काळात. आत्यानं मैत्रिणींना जमवून आळीत असाच एक संघ केला. बुधवारी ऐकायचं, गुरुवारी मतं घ्यायची, शुक्रवारी पोस्टकार्ड टाकायचं. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं. आत्या सांगते, “घरात माझं मत कुणी विचारत नव्हतं. शिकायचं किती, द्यायचं कुठे, सगळं ठरलेलं. त्या कार्डावर मात्र मी लिहीन ते माझं.” ‘अमर प्रेम’साठी ती आजही का भांडते, हे मला या वाक्यानंतर कळलं.

आणि मग ‘दम मारो दम’. आनंद बक्षींचे शब्द, राहुलदेव बर्मनचं संगीत, सुरुवातीला भूपिंदर सिंग यांची गिटार, आणि त्यावर आशाबाई, आमच्या सांगलीच्या. गाण्यात नशा होती, पडद्यावर काठमांडूतल्या हिप्पींचा मेळा होता. आकाशवाणीनं ते वाजवायचं नाही असं ठरवलं. सिलोनवर ते वर्षाच्या यादीत पहिलं आलं, आणि आशाबाईंना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला.

आमच्या घरात ते पहिल्यांदा लागलं तेव्हा आत्या ऐकत असताना आजी उठून रेडिओ बंद करायला गेली. आजोबांनी तिला थांबवलं. त्यांना ते गाणं मुळीच आवडलं नव्हतं. पण १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीतून मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळ्यासारखे, ती आपल्या रागदारीला शोभत नाही, असं जाणकारांनी ठरवलं होतं. बंदी सैल व्हायला सत्तरीची सुरुवात उजाडावी लागली. तीस वर्षं आजोबांनी आपलं वाद्य आपल्याच देशाच्या रेडिओवर ऐकलं नव्हतं. ते आजीला म्हणाले, “पेटी बंद केली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तिला ऐकू दे.” केसकरांचं धोरण पटलेला माणूस वीस वर्षांनी इथवर आला होता. घरात हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, आणि मला ते आजोबांनी आम्हाला दिलेलं सर्वांत मोलाचं शिक्षण वाटतं.

धाकट्या काकांचं बाहत्तर साल घराबाहेर गेलं. पावसानं सलग दगा दिलेला. विहिरी आटल्या, जनावरं दावणीवरून सोडून दिली. दुष्काळी कामं निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. काका करमाळ्याच्या बाजूला एका पाझर तलावाच्या कामावर मस्टर भरायला लागले. दिवसभर बायामाणसं खडी फोडायची, माती वाहायची. पोटाला मिलोची लाल भाकरी आणि सुकडी. लांबच्या गावची कुटुंबं तिथंच पालं ठोकून राहिलेली.

काकांकडे एक ट्रान्झिस्टर होता. सेल उतरले की दिवसा दगडावर उन्हात ठेवायचे, म्हणजे रात्री तासभर चालायचे. बुधवारी पालांतली पोरं येऊन बसायची. “त्या गाण्यात काय म्हटलंय ते कुणाला नीट कळत नव्हतं,” काका सांगतात, “पण ती गिटार वाजली की दिवसभर पाट्या वाहिलेली पोरं ताठ बसायची.” एकदा त्यांतल्या एकानं विचारलं, हा नंबर ठरवतो कोण? काकांनी सांगितलं, लोक ठरवतात, कार्ड टाकून. मग टाकू की, पोरं म्हणाली. काकांनी कार्ड आणलं, गाण्याचं नाव लिहिलं आणि खाली सगळ्यांची नावं. मस्टरवर ज्यांच्या नावापुढे रोज अंगठा उठायचा, त्यांची नावं त्या वर्षी आणखी एका कागदावर लिहिली गेली, आणि या कागदावर त्यांनी काहीतरी मागितलं होतं.

म्हणून काका आत्याला “लोकांचं नव्हतं” असं म्हणतात. आणि आत्याही हटत नाही, कारण तिच्या कार्डामागेही तितकंच काही होतं. मला दोघांचंही पटतं. तीन वर्षांनी महागाईचं गाणं पहिलं आलं, तेव्हा कामावरच्या पोरांनी आणि आळीतल्या मुलींनी बहुधा एकाच गाण्याला मत दिलं असेल.

बाहत्तर सालाबद्दल लिहिलेलं बरंच मिळतं: पावसाचे आकडे, कामांचे आकडे, धान्याचे आकडे. त्या आकड्यांतली माणसं संध्याकाळी काय ऐकत होती, त्यांना काय हवं होतं, हे पोस्टकार्डांवर होतं, आणि आळीतून, पालांतून गेलेल्या कार्डांच्या प्रती आमच्याकडे कुणी ठेवल्या नाहीत. अमीन सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. मतं देणारे सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्याही घरात असा कुणी असेल, तर कोणतं गाणं कितव्या नंबरावर होतं हे विचारू नका; ते कुठेही सापडेल. त्यांनी मत कुणाला दिलं होतं आणि का, ते विचारा. ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे, आणि विचारलं तर ते सांगतात.