तिरप्या अक्षराचे कूळ

संगणकावर मराठी लिहिणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीचा ‘मंगल’ हा टाइप विंडोज २००० बरोबर आला. तो घडवला र. कृ. जोशींनी. त्याआधी १९८३ ते १९९६ ते पवईच्या आयआयटीत, आयडीसी या तिथल्या डिझाइन केंद्रात, अक्षररचना शिकवत होते. मंगलला तिरपा जोडीदार नाही. शब्द निवडून इटालिकचे बटण दाबले की संगणक सरळ अक्षरालाच उजवीकडे कलते करतो. शिरोरेघ आडवीच राहते, काना झुकतो आणि अक्षराचा तोल जातो.

रोमनचे इटालिक असे जन्मले नाही. इटलीतले लेखनिक भरभर लिहीत, तेव्हा अक्षर आपोआप उजवीकडे झुके. त्या वळणावरून फ्रान्चेस्को ग्रिफोने ठसे कोरले आणि १५०१ साली व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिउसने व्हर्जिलचे छोटेखानी पुस्तक सबंध त्याच टाइपात छापले. त्यातली मोठी अक्षरे मात्र सरळच उभी होती! शब्दावर जोर द्यायला इटालिक वापरण्याची रीत नंतरची. झुकावाखेरीज अक्षराला जाड-बारीकपणाही असतो: अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्माचा मुद्रक बोदोनी आणि पॅरिसचे दिदो यांनी जाड-बारीक रेघांमधला फरक टोकाला नेला. बारीक रेघ केसाएवढी झाली. असे अक्षर मोठ्या आकारात, मासिकाच्या शीर्षकात किंवा लग्नपत्रिकेवर खुलते. बारीक मजकुरात मात्र ती रेघ कागदावर तुटते.

आपल्याकडे जाड-बारीकपणा आला बोरूच्या कापातून. देवनागरीसाठी बोरू रोमनच्या उलट्या तिरकसपणे कापतात. त्यामुळे खालून वर उजवीकडे जाणारी रेघ जाड उमटते आणि वरून खाली उजवीकडे उतरणारी बारीक. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी आरूंनी कोरलेल्या टाइपात हा बोरू स्पष्ट दिसतो. संगणकाची कलती अक्षरे नेमकी इथे फसतात. उजवीकडे ढकलल्यावर वर चढणारी रेघ अंगाने बारीक होते, उतरणारी जाड होते. रोमनला हे मानवते, कारण त्याचा टाक तसाच चालतो. देवनागरीत मात्र बोरूने जे केले, ते यंत्र पुसून टाकते.

म्हणून मला वाटते, मराठीचे खरे इटालिक शोधायचे तर मोडी लिपीत. पानभर आधी शिरोरेघा आखून घ्यायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचे. पेशवाईतली कितीतरी पत्रे याच हाताने, उजवीकडे झुकत गेलेली. चिटणिशी, बिवलकरी अशी मोडीची वळणे होती. ग्रंथाला बाळबोध, दप्तराला मोडी, अशी वाटणी मराठीत शतकानुशतके चालली. मोडी छापलीही गेली: विल्यम कॅरीने १८१० साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचा कोश काढला, त्यातले मराठी शब्द मोडी टाइपात आहेत. पुढे छापखान्यांनी बाळबोधच धरली आणि जोर द्यायचे काम काळ्या टाइपाकडे व अवतरणचिन्हांकडे गेले.

आजच्या अक्षरकाराने मोडीची गती घ्यावी, बाळबोधीचे रूप ठेवावे आणि जाड-बारीक बोरूच्या कापाने ठरवावे. वेलांटी, उकार, रफार यांना असा झोक विलक्षण शोभेल. हा टाइप कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर, दिवाळी अंकाच्या शीर्षकात वापरावा. तळटिपांसाठी सरळ, अंगाने भरीव अक्षरच घ्यावे.